पायात कोण, खाटेवर कोण?

दान हा शब्द आपल्या माणसाला कधी मानवला नाही. ह्या देशात दान घ्यायचा मक्ता एका जातीचा होता. गोदान, भूमिदान, सुवर्णदान, सगळं त्यांच्या पदरात. आपल्या वाट्याला जे आलं त्याला दान म्हणत नव्हते. त्याला उष्टं म्हणत, बलुतं म्हणत, मेलेलं ढोर म्हणत. आणि आपण जे दिलं त्यालाही दान म्हणत नव्हते. त्याला वेठ म्हणत. म्हणून 'अवयवदान' असा शब्द घेऊन कुणी वस्तीत आलं की आपली पोरं दोन बाजूला होतात. एक म्हणतो, किडनीला जात नसते, फॉर्म भरून टाका. दुसरा म्हणतो, हजारो वर्षं आमचंच घेतलं, आता मेल्यावर काळीजसुद्धा काढून देऊ काय?

दोघंही अर्धं खरं बोलतात. उरलेलं अर्धं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

सवाल हवेत राहू नये म्हणून जागा ठरवून घेऊ. वारणानगर. पन्हाळा तालुका, जिल्हा कोल्हापूर. समजा, उद्या तिथं अवयव बदलाच्या रोग्यांसाठी एक स्वतंत्र इस्पितळ उभं करायचं ठरलं. किडनी, लिव्हर, हृदय, सगळं तिथंच. अजून ठरलेलं काही नाही, आपण नुसतं समजून चालतोय. तर त्याच्या पायात कोण असेल आणि खाटेवर कोण असेल? आणि आपण त्यात सही करायची की नाही?

'पायात कोण' हे मी उगीच म्हणत नाही. १८५५ साली जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई नावाच्या मांगाच्या पोरीनं 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला. तेल-शेंदूर पाजून मांगामहारांना इमारतीच्या पायात गाडत, हे तिनं त्यात उघड लिहिलं. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची हकीगतही तीच सांगतात. बुरुज टिकेना, म्हणून एका महाराचा लेक आणि सून पायात जिवंत गाडली. बुरुज टिकला. म्हणजे दुसऱ्याची इमारत उभी राहावी म्हणून आपला देह घ्यायचा ही ह्या मातीतली जुनी रीत आहे. ती ज्यांनी सोसली त्यांच्या नातवंडांनी इमारतीचा नकाशा बघायला मागितला, तर त्यात कुणाला राग यायचं कारण नाही.

*

माणसाच्या देहातली वस्तू देहाबाहेर जायचे चार रस्ते आहेत. वेठ, विक्री, दान आणि सहकार. एकेक बघू.

पहिला रस्ता वेठीचा. न विचारता घेणं. कुणी म्हणेल ते जुनं झालं. जुनं नाही झालं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रिचमंड शहरात मे १९६८ मध्ये ब्रूस टकर नावाचा काळा मजूर पडला, डोक्याला मार लागला. त्याला इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं हृदय काढून एका गोऱ्या धंदेवाल्याच्या छातीत बसवलं. घरच्यांना कुणी विचारलं नाही. बेवारस आहे असं धरून चालले. बेवारस कसला? त्याच्या भावाचं जोडे दुरुस्तीचं दुकान इस्पितळापासून जवळच होतं, आणि खिशात त्या दुकानाचं कार्ड होतं. मढं ताब्यात घेतल्यावर भावाला कळलं की छातीत काळीजच नाही. कोर्टात केस उभी राहिली. १९७२ साली ज्यूरीनं डॉक्टरांना निर्दोष सोडलं. हे प्रकरण नीट ध्यानात ठेवा. 'बेवारस' हा शब्द कुणाला चिकटतो ते त्यात आहे. ज्याचा वारस दारात उभा असूनही कुणाला दिसत नाही, तो बेवारस.

आणि आपल्याकडं? ऊसतोडीच्या टोळ्या दरसाल बीडकडून कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात उतरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळी आली, पोटात दुखलं, तरी खाडा तो खाडा. बीड जिल्ह्यातल्या ह्या बायांची २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बाया तपासल्या. त्यातल्या १३,८६१ बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. हा अवयव कुणाला बसवायलाही काढलेला नव्हता. काढला आणि टाकून दिला. सही असेल, अंगठा असेल, पण खाड्याच्या धाकानं केलेली सही ही वेठच. कागद बदलला म्हणून वेठीची संमती होत नाही.

*

दुसरा रस्ता विक्रीचा. १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि विक्री गुन्हा ठरली. २०११ च्या दुरुस्तीनं शिक्षा दहा वर्षांपर्यंत नेली. तरी विक्री थांबली का? २००८ साली गुडगावचं प्रकरण उघडं झालं, २०१६ साली मुंबईत पवईचं. दरवेळी दलाल सापडतो. पण कर्ज सापडत नाही, कारण कर्ज कायद्याच्या कलमात बसत नाही.

काही शहाणे म्हणतात, गरिबाला त्याची किडनी विकू द्या, त्याचा देह, त्याचा हक्क, चार पैसे मिळतील. ह्या शहाण्यांसाठी चेन्नईत केलेली एक पाहणी आहे, २००२ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकात छापली. किडनी विकलेल्या ३०५ जणांना विचारलं. शंभरात ९६ जणांनी कर्ज फेडायला विकली होती. विकल्यावर काय झालं? घरचं उत्पन्न सरासरी तिसऱ्या हिश्श्यानं घटलं. शंभरातले ८६ म्हणाले, तब्येत खालावली. आणि चारातल्या तिघांवर अजून कर्ज होतंच. म्हणजे किडनी गेली, अंगातली ताकद गेली, सावकार तिथल्या तिथं.

२००६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शिंगणापूर गावच्या शेतकऱ्यांनी 'किडनी विक्री केंद्र' जाहीर केलं. उद्घाटनाला राष्ट्रपती आणि पंतप्रधानांना बोलावलं. तो निषेध होता. गावानं सरकारच्या तोंडावर आरसा धरला होता. तरी मला तो फलक विसरता येत नाही. आपण इथं ज्या केंद्राची गोष्ट करतोय त्याची दुसरी बाजू तीच आहे. एका गावात अवयव बसवायचं केंद्र आणि दुसऱ्या गावात विकायचं केंद्र. मधला रस्ता कायद्यानं बंद केलाय म्हणतात. पण ज्या देशात एकाकडं लाखो रुपये आणि मरणाची भीती आहे, आणि दुसऱ्याकडं दोन किडन्या आणि सावकार आहे, तिथं तो रस्ता रात्रीचा चालूच राहतो. तो कायमचा बंद करायचा तर दोनच उपाय. एक, कर्जाचा बंदोबस्त. दोन, मेलेल्या माणसाचे अवयव इतके मिळावेत की जिवंत माणसाच्या पोटाकडं कुणी बघू नये. हा दुसरा उपाय पुढं लागेल, ध्यानात ठेवा.

*

तिसरा रस्ता दानाचा. ह्याच्यावर भाषणं फार होतात. आणि इथंच आपला पहिला दोस्त उभा असतो, किडनीला जात नसते म्हणणारा.

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. अवयव बसवताना रक्तगट बघतात, पेशींची जुळणी बघतात. बामणाच्या सख्ख्या भावाची किडनी जुळत नाही आणि मांगवाड्यातल्या माणसाची जुळते, असं होऊ शकतं. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात विचारलंच होतं, की मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया ह्यांच्यात वंशाचा फरक तो काय? जात ही रक्तातली गोष्ट नाही, डोक्यातली आहे. सर्जन ऑपरेशनच्या टेबलावर तेच सिद्ध करून दाखवतो.

पण सिद्ध झालं म्हणून संपलं असं होत नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला २ जानेवारी १९६८ रोजी डॉ. बर्नार्डनं फिलिप ब्लायबर्ग नावाच्या गोऱ्या दंतवैद्याला क्लाइव्ह हॉप्ट नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाचं हृदय बसवलं. हॉप्ट 'कलर्ड' होता, तिथल्या कायद्यानं गोऱ्यांहून खालचा. घरच्यांनी परवानगी दिली होती. ब्लायबर्ग त्या हृदयावर एकोणीस महिने जगला. आता बघा. हॉप्ट जिवंत असता तर गोऱ्यांच्या बाकड्यावर बसला असता तर पोलीस आला असता. गोऱ्यांच्या मोहल्ल्यात घर घेतलं असतं तर हाकलला असता. त्याचं काळीज मात्र त्या बाकड्यावर बसलं, त्या मोहल्ल्यात राहिलं, त्या समुद्रावर फिरलं. जगभर पेपरांनी छापलं, वर्णभेदाची भिंत पडली म्हणून. कसली पडते? त्या देशात सगळ्यांना मिळून मत द्यायला एप्रिल १९९४ उजाडावं लागलं. सव्वीस वर्षं. हृदय आत घेतलं आणि माणूस बाहेर ठेवला. विहिरीचं पाणी आमच्या हातानं खोदलेलं चाललं, हात चालला नाही, तसंच.

तेव्हा पहिल्या दोस्ता, किडनीला जात नसते हे खरं. पण किडनीच्या रांगेला असते. ती रांग कशी लागते ते बघू.

*

किडनी निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस. एका वेळेला चार तास मशीनला जोडून पडायचं. जाणं-येणं धरून दिवस गेला. ज्याचं पोट रोजावर आहे त्याचे आठवड्यातले तीन रोज बुडाले, सोबत येणाऱ्याचे तीन बुडाले, वर एसटीचं भाडं. तो रांगेत उभा राहण्याआधीच रांगेतून गळतो. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायला आधी एखाद्या प्रत्यारोपण करणाऱ्या इस्पितळात नोंद व्हावी लागते. तपासण्या कराव्या लागतात. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय समितीच्या अखत्यारीत येतो. यादीत क्रम नियमानं लागतो, मान्य. पण यादीपर्यंत पोचायचा क्रम पैशानं लागतो. त्या क्रमाला कुठं नियम नाही.

बरं, नाव लागलं, किडनी मिळाली. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांची होती, २०२३ साली ती साडेचार लाख केली. चांगलं झालं. पण ऑपरेशन ही सुरुवात आहे. आपला देह परका अवयव मानत नाही, त्याच्यावर हल्ला करतो. तो हल्ला दाबायला जन्मभर गोळ्या. एक दिवस चुकवून चालत नाही. आणि त्या गोळ्यांनी अंगाची सगळीच राखण ढिली पडते. साधं गढूळ पाणी, उघडं गटार, धूर, एका खोलीत सात माणसं, ह्यातलं काहीही जिवावर बेतू शकतं. म्हणजे ज्याच्या वस्तीत एकच नळ आहे त्याला नवी किडनी दिली आणि त्याच नळावर परत पाठवला, तर ऑपरेशन यशस्वी आणि माणूस गेला. प्रत्यारोपण ही एका देहावरची शस्त्रक्रिया नाही. ती घरापर्यंत, गटारापर्यंत, रोजगारापर्यंत जाते. जो दवाखाना फक्त पोट शिवून देतो त्यानं अर्धंच काम केलं.

ह्या रांगेत आणखी एक रांग आहे, ती आपल्याच घरात लागते. १९९५ ते २०२१ ह्या काळात देशात जिवंत आणि मृत दोन्ही दात्यांकडून मिळून ३६,६४० प्रत्यारोपणं झाल्याची नोंद आहे. त्यात २९ हजारांवर पुरुषांना झाली आणि ६,९४५ बायांना. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत मात्र बायाच पुष्कळ जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. बायकोला लागली की नवऱ्याचा रोजगार आडवा येतो. तिच्यावर कुणी सक्ती करत नाही. पण घरात सगळे तिच्याकडंच बघतात, आणि त्या बघण्याला दान म्हणतात. समतेच्या गोष्टी बाहेर करणाऱ्या आपण पोरांनी हे घरात तपासून बघावं.

*

आता चौथा रस्ता. त्यासाठी वारणानगर घेतलं होतं.

तिथं माळ होता. १९५०-६० च्या सुमाराला तात्यासाहेब कोऱ्यांनी त्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला. मग दूध संघ आला, बझार आला, शाळा-कॉलेजं आली, पोरांचा वाद्यवृंद आला. १९९८ साली सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडायची योजनाही तिथंच झाली. माळाचं नगर झालं, ह्यात खोटं काही नाही. एकट्याला न झेपणारी गोष्ट हजार जणांनी थोडं थोडं घालून केली. सहकार म्हणतात तो हाच. प्रत्येकानं घालायचं, प्रत्येकाला मिळायचं, आणि प्रत्येकाला एक मत.

पण प्रत्येकाला म्हणजे कुणाला? साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो. उसाला जमीन लागते, जमिनीला पाणी लागतं. ज्याला गावानं जमीनच ठेवली नाही तो सभासद कसा होणार? तो ऊस तोडतो, मोळी बांधतो, ट्रॉली भरतो. कारखान्याच्या चिमणीचा धूर त्याच्या कोपीवरून जातो. वार्षिक सभेला तो नसतो. सहकारानं पश्चिम महाराष्ट्र बदलला, आणि सहकाराच्या दारावर सातबारा मागितला. दोन्ही खरं आहे.

आता मुद्द्यावर येतो. अवयवाच्या सहकाराला सातबारा लागत नाही. त्याचं भांडवल देह आहे. दोन किडन्या, एक लिव्हर, एक हृदय, दोन डोळे. चेअरमनला जितकी तितकीच ऊसतोड्याला. ह्या देशात जन्मतः सगळ्यांना सारखं वाटलेलं हे एकच भांडवल असेल. म्हणून माझं म्हणणं असं, की हे काम दान नाही, हा सहकार आहे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली. नाहीतर आपल्या इतिहासासारखं, घेणारा वर आणि देणारा मातीत. सहकारात जो घालतो तो सभासद. आणि सभासद म्हटला की त्याला चार गोष्टी आपोआप आल्या. गरज पडली तर घ्यायचा हक्क, हिशेब बघायचा हक्क, प्रश्न विचारायचा हक्क, आणि नाही म्हणायचा हक्क.

सहकाराचा हा अर्थ धरला तर वारणानगरच्या त्या इस्पितळाकडं वेगळ्या नजरेनं बघता येतं. कायद्यात फक्त अवयव काढून घ्यायच्या केंद्राचीही सोय आहे. आयसीयू असलेल्या दवाखान्यात मेंदूमृत माणसाचे अवयव काढायचे, आणि पुढं शहरात पाठवायचे. हृदय चार तासांच्या आत बसवावं लागतं, किडनी चोवीस तासांपर्यंत थांबते. सुरुवात म्हणून ते ठीक. पण तेवढ्यावरच थांबलं तर काय होईल? ऊस इथला, दूध इथलं, धरणाचं पाणी इथलं, आणि आता किडनीही इथली. हायवेवर ट्रॉलीखाली सापडलेला मजूर इथला आणि खाटेवर दुसरीकडचा. जो भाग फक्त देतो आणि कधी घेत नाही, तो सभासद नव्हे, ती शेती झाली. म्हणून काढायचं केंद्र असेल तिथंच किंवा एसटीनं जाता येईल इतक्या जवळ बसवायचंही केंद्र पाहिजे, आणि तिथं गरिबाला खाट पाहिजे.

*

इथं एक प्रामाणिक हरकत येते. आपल्यातलेच कार्यकर्ते घेतात. ते म्हणतात, प्राथमिक केंद्रात साप चावल्यावरचं इंजेक्शन नाही, बाळंतिणीला रक्त नाही, आणि तुम्ही कोटींची हृदयं बदलायला निघालात?

हरकत वजनदार आहे. पण ह्यातला एक धोका ओळखा. गरिबाला कायम सांगतात, तुझं प्राथमिकवर भागेल. शिक्षणातही हेच सांगत होते. महारामांगाच्या पोरांना चौथीपर्यंत पुरे, मग धंदेशिक्षण द्या. बाबासाहेबांनी ते ऐकलं नाही. त्यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. प्राथमिकची लढाई सोडून नव्हे, पण प्राथमिकवर थांबूनही नव्हे. वरची जागा सोडली की खालची जागाही दुसरेच ठरवतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दवाखान्याचंही तेच. आणि अवयव बदलाला जे लागतं, चोवीस तासांचा आयसीयू, रक्तपेढी, प्रयोगशाळा, कायमचे डॉक्टर, तेच साप चावलेल्यालाही वाचवतं. अट एवढीच, की ते सगळ्यांसाठी उघडं असावं. संगमरवरी दरवाजा आणि मागं एकच ऑपरेशन थिएटर, असलं केंद्र आपल्याला नको.

होईल का असं? कुणी म्हणेल, हे खासगीतच जमतं. त्याला सांगा, फेब्रुवारी १९६८ मध्ये, बर्नार्डनंतर अडीच महिन्यांच्या आत, मुंबईच्या महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदललं होतं. रोगी काही तासच जगला, पण हात लावायची हिंमत सार्वजनिक दवाखान्यानं केली. कराचीत डॉ. अदीब रिझवी यांनी १९७० च्या दशकात सरकारी इस्पितळात आठ खाटांच्या वॉर्डापासून सुरुवात केली. त्याची सिंध इन्स्टिट्यूट झाली. तिथं किडनी बदलणं फुकट, आणि पुढच्या जन्मभराच्या गोळ्याही फुकट. पाकिस्तानात होतं, तर कोल्हापुरात का होऊ नये?

आणि कोल्हापूरला तर बाहेर बघायचीही गरज नाही. जानेवारी १९१९ मध्ये शाहू महाराजांनी आपल्या दवाखान्यांसाठी हुकूम काढला. अस्पृश्य रोग्याला माणसासारखं वागवा, मिरजेचे मिशनवाले वागवतात तसं. ज्या डॉक्टर-नोकराला हे जमत नसेल त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. महाराजांनी दया दाखवा असं आर्जव केलं नाही, नोकरीची अट घातली. शंभर वर्षांपूर्वी ह्या मातीत रोग्याचा मान पेन्शनीला बांधला गेला होता. आपण आज जे मागतोय ते त्याच हुकमाचं पुढचं पान आहे.

तर अटी अशा घालाव्यात.

एक. जो दवाखाना अवयव मागतो त्यानं आधी त्या माणसाला वाचवायला जीव लावलेला असावा. डिपॉझिटपायी दारात ताटकळत ठेवलेल्याच्या आईकडं नंतर लिव्हर मागायला जायचं नाही.

दोन. मेंदू मेला हे चार डॉक्टरांनी सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून ठरवायचं, असा कायदा आहे. ते घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगावं. छाती हलतेय, अंग गरम आहे, मग मेला कसा, हा आईचा सवाल अडाणी नाही. त्याचं उत्तर तिला पटेपर्यंत द्यावं. बेवारस म्हणायची घाई करू नये.

तीन. किती अवयव आले, कुठं गेले, किती गरिबांना आणि किती बायांना मिळाले, ह्याचा आकडा दर महिन्याला फळ्यावर लागावा. नावं नकोत, आकडे पाहिजेत.

चार. गोळ्या जन्मभर फुकट. आणि रोगी घरी जायच्या आधी त्याच्या घरचं पाणी-गटार बघायला दवाखान्याचा माणूस गेला पाहिजे.

पाच. किडनी जाऊ नये म्हणून वस्तीवस्तीत रक्तदाब आणि साखर तपासणी. टोळ्यांच्या तळावरसुद्धा. बदलायची किडनी महाग, राखायची स्वस्त.

*

राहिला शेवटचा सवाल. ह्या अटी मान्य होईपर्यंत सही करायची का?

माझं उत्तर, करायची.

कारण एक. खाटेवर पडलेला माणूस म्हणजे व्यवस्था नव्हे. आपण नाही म्हटल्यानं व्यवस्था मरत नाही, तो मरतो. २०२३ साली साऱ्या देशात अवयव बदलाची १८,३७८ ऑपरेशनं झाली, आणि मेल्यावर अवयव देणारे होते फक्त १,०९९. बाकी सगळा भार जिवंत माणसांच्या पोटावर, म्हणजे बायांच्या आणि कर्जदारांच्या. मेलेल्याचे अवयव जितके जळतील-पुरतील तितका दलालाचा भाव चढेल. आपला नकार शेवटी आपल्याच माणसाच्या किडनीची किंमत ठरवतो.

कारण दोन. आपल्याला अडवायला आत्मा नाही. डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळा, असं सांगणाऱ्या पोथ्या आपण १९५६ ला सोडून आलो. बाबीस प्रतिज्ञांत श्राद्ध नाही, पिंडदान नाही. ज्याला पिंडाचा कावळा शिवायचा नाही त्यानं काळीज जाळून कुणाचं भलं करायचं? जातकात राजा शिबी आपले डोळे देतो. पण नीट बघा, तो राजा आहे. त्याच्यावर सावकार नाही, मुकादम नाही. म्हणून ते देणं शुद्ध. जो नाही म्हणू शकतो त्याच्याच 'हो'ला किंमत. आपण नाही म्हणायची ताकद कमावली आहे. आता 'हो' म्हणणं ही वेठ राहात नाही.

कारण तीन. बाबासाहेब बंधुतेला समता आणि स्वातंत्र्याइतकंच वजन देत होते. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी ते बजावून सांगितलं. बंधुता म्हणजे भाषणातलं आलिंगन नव्हे. ज्यानं आपल्याला भाऊ मानलं नाही त्याच्याही देहात आपला अवयव धडधडू शकतो, हे कबूल करणं ही बंधुता. आणि आपल्या देहातही त्याचा अवयव धडधडला पाहिजे, हे त्याच्याकडून कबूल करून घेणं ही समता. पहिलं दुसऱ्यावाचून वेठ होतं. दुसरं पहिल्यावाचून नुसती मागणी होते.

एक व्यवहाराची गोष्ट. कार्डावर सही करून भागत नाही. वेळ आली की घरच्यांनाच विचारतात, त्यांनी नको म्हटलं तर कार्ड खिशातच राहतं. म्हणून सही करायच्या आधी आईशी बोला, बायकोशी बोला. आणि त्याच वेळी तिला हेही सांगा, की तुला लागली तर मी देईन. हे वाक्य म्हणताना जीभ अडखळली, तर समतेची सुरुवात कुठून करायची ते कळेल.

तेव्हा दोस्तहो, शिबिर लागेल तिथं जा. फॉर्म भरा. दाता म्हणून नको, सभासद म्हणून भरा. आणि फॉर्म घेणाऱ्याला तिथल्या तिथं विचारा, आमच्या वस्तीतला कोण खाटेवर आहे? फळा कुठं लावलाय?

जयभीम.